सुटकेनंतरचा हिशेब
(दिल्ली व परिसरातील घरकामगार स्त्रियांची वेठ आणि मिशनऱ्यांचे कार्य या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



'वेठ' आणि 'बिगार' हे दोन शब्द मराठी माणसाला नवे नाहीत. 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार आपण उठताबसता वापरतो. परंतु त्या शब्दामागे पिढ्यान्‌पिढ्या विनामोबदला राबलेली माणसे उभी आहेत, याचे भान क्वचितच राहते. अंमलदाराचे ओझे वाहायचे, वतनदाराच्या शेतात राबायचे, आणि संध्याकाळी हात हलवीत घरी परतायचे, ही वेठ. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या छोटा नागपूरच्या पठारावर मुंडा, उरांव आणि खडिया आदिवासी याच प्रकाराला 'बेठबेगारी' म्हणत आले. शब्द तोच, भोगवटा तोच. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने आपल्या २३व्या अनुच्छेदात माणसांच्या व्यापाराला आणि 'बिगारी'ला, हाच देशी शब्द वापरून, मनाई केली.

तरीही ही वेठ संपलेली नाही. तिने गाव सोडले आणि ती दिल्ली, गुरुग्राम, नोएडा आणि फरिदाबाद येथील सदनिकांत राहावयास आली. तिची बळी आता प्रामुख्याने स्त्री आहे. तीही कोवळ्या वयाची आणि परमुलखातली. ह्या स्त्रीला सोडविण्यासाठी जी माणसे पुढे आली, त्यांत ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या कार्याचे मोल काय, ते कोठपर्यंत पोहोचले आणि कोठे अडले, याचा विचार आज करावयाचा आहे.

छोटा नागपूरचा वारसा

ह्या कथेचा प्रारंभ दिल्लीत होत नाही. १८८५ साली कॉन्स्टंट लीव्हन्स नावाचा एक तरुण बेल्जियन जेझुइट धर्मगुरू छोटा नागपुरात आला. आदिवासींनी जंगल तोडून, जमीन लागवडीस आणून आपली गावे वसविली होती; परंतु ब्रिटिश अमदानीत त्या जमिनींवर बाहेरून आलेले जमीनदार आणि ठेकेदार मालक होऊन बसले. खंड वाढत होता, आणि खंडावर बेठबेगारी होतीच. दाद मागावयास जावे, तर न्यायालयाची भाषा आदिवासीला परकी, वकील परका, आणि कागद तर जमीनदाराच्याच पेटीत.

लीव्हन्सने धर्मोपदेशाआधी जमिनीच्या कायद्याचा अभ्यास केला. तो आदिवासींना त्यांचे हक्क समजावून सांगू लागला, त्यांच्या खटल्यांत साहाय्य करू लागला. हजारो लोक त्याच्यामागे चर्चमध्ये गेले ते ह्यामुळे. क्षयाने पोखरलेला लीव्हन्स १८९३ साली, चाळिशीही न गाठता, मायदेशी मरण पावला. पुढे १८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडाचा उलगुलान झाला. बिरसा मिशनच्या शाळेत शिकला होता. पण त्याने जमीनदार व सरकार यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडेही पाठ फिरविली. दुसऱ्या कोणी आपल्या वतीने न्यायालयात उभे राहावे, यापेक्षा आपण स्वतः उभे राहावे, हा त्याचा मार्ग होता. जून १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर १९०८ साली छोटा नागपूर काश्तकारी कायदा झाला. आदिवासींच्या जमिनीला काही संरक्षण मिळाले आणि बेठबेगारीवर कायद्याची बंधने आली.

ह्या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. परोपकारी माणसाने दार उघडून दिले. परंतु कायदा बदलला तो ज्यांच्यावर अन्याय झाला ते स्वतः उठल्यावर. आजच्या विषयात हाच धागा पुन्हा हाती येणार आहे.

व्यापाराची रीत

स्वातंत्र्यानंतर त्याच पठारावर खाणी निघाल्या, धरणे बांधली गेली, कारखाने उभे राहिले. देशाची समृद्धी वाढली; ज्यांच्या जमिनीतून ती निघाली त्यांच्यापैकी असंख्य कुटुंबे विस्थापित झाली. जी गावी राहिली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती पावसावरचे एक पीक उरले. गुमला, सिमडेगा, खुंटी, लोहरदगा ह्या झारखंडमधील जिल्ह्यांतून, शेजारच्या छत्तीसगढमधील जशपूर व ओडिशातील सुंदरगढ येथून, तसेच बंगाल व आसामच्या चहामळ्यांतून मुली दिल्लीकडे निघू लागल्या. दुसऱ्या बाजूस राजधानीत नवा मध्यमवर्ग वाढत होता. पतिपत्नी दोघे नोकरीला, मुले लहान, म्हातारी माणसे आजारी. घरात चोवीस तास राहील अशी बाई त्यांना हवी होती. गरज दोन्हीकडे होती. ह्या दोन गरजांच्या मध्ये जो उभा राहिला, तो दलाल.

त्याची रीत ठरलेली असते. गावातून मुलीला नेणारी व्यक्ती बहुधा ओळखीची, पुष्कळदा त्याच गावची, दिल्लीत काही वर्षे काढून आलेली एखादी स्त्री असते. चांगले काम, चांगला पगार, सणाला घरी येण्याची मुभा, असे आश्वासन मिळते. दिल्लीत उतरल्यावर मुलगी 'प्लेसमेंट एजन्सी'च्या हवाली होते. दिल्लीतील शकूरपूरसारख्या वस्त्या अशा एजन्सींसाठी प्रसिद्धीस आल्या. एका खोलीचे कार्यालय, एक टेलिफोन, बाहेर एक पाटी. एजन्सी मुलीला एखाद्या घरी ठेवते, मालकाकडून दलाली घेते आणि बहुधा अकरा महिन्यांचा करार करते. पुष्कळदा पगारही मालक मुलीच्या हाती न देता एजन्सीकडे भरतो. 'तुझे पैसे जमा होत आहेत, गावी जाताना एकदम मिळतील,' असे मुलीला सांगण्यात येते. मुलगी अल्पवयीन असेल तर कागदावर तिचे वय अठरा होते. कधी नावही बदलते.

आता तिच्या परिस्थितीचा विचार करावा. ती कोणत्या शहरात आहे हे तिला ठाऊक असते. कोणत्या वसाहतीत, कोणत्या रस्त्यावर, हे पुष्कळदा नसते. घरी ती कुडुख, मुंडारी किंवा सादरी बोलते. इथली हिंदी तिला अडखळत समजते. फोन मालकिणीच्या कपाटात आणि इमारतीच्या फाटकावर पहारेकरी. आणि मालक म्हणतो, 'तुझ्यासाठी आम्ही एजन्सीला इतके हजार मोजले. ते फिटल्याशिवाय कशी जाशील?' जे कर्ज तिने काढले नाही, जी रक्कम तिने पाहिली नाही, ती तिच्या श्रमातून वसूल होते. साखळदंड कोठेच दिसत नाही, तरी तिला हलता येत नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे. मार्च २०१२ मध्ये दिल्लीच्या द्वारका भागात झारखंडमधील एक अल्पवयीन मुलगी बंद सदनिकेत सापडली. तिला आत कोंडून मालक दांपत्य परदेशी सहलीला गेले होते. तिने सज्जातून हाका मारल्या, तेव्हा शेजाऱ्यांना तिचे अस्तित्व कळले. २०१३ मध्ये वसंत कुंज येथून झारखंडच्याच एका घरकामगार मुलीची जखमी अवस्थेत सुटका झाली व मालकिणीला अटक झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरुग्राम येथे पुन्हा झारखंडची एक अल्पवयीन मुलगी मारहाणीच्या जखमांसह सोडविण्यात आली आणि पतिपत्नींना अटक झाली. अकरा वर्षांत शहर वाढले, इमारती उंच झाल्या. बातमीचा मजकूर मात्र तोच राहिला. ह्या तीन घटना उघडकीस आल्या म्हणून माहीत आहेत. जिथे मारहाण नाही, केवळ पगार नाही आणि बाहेर पडण्याची मुभा नाही, तिथली बातमी होत नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथील घर

परमुलखातून आणलेल्या स्त्रियांना दास्यातून सोडविण्याचे मिशनऱ्यांचे कार्य जगात पूर्वीही झाले आहे. त्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. तेथील प्रेस्बिटेरियन पंथाच्या स्त्रियांनी १८७४ साली चिनी स्त्रियांसाठी एक आश्रयगृह सुरू केले. १८९५ साली डोनाल्डिना कॅमेरॉन ही पंचवीस वर्षांची तरुणी तेथे शिवण शिकवावयास आली. काही वर्षांतच ती त्या घराची प्रमुख झाली आणि १९३४ पर्यंत तिने ते चालविले. चिनी वस्तीतील वेश्यागृहांतून आणि श्रीमंतांच्या घरांतून तिने व तिच्या सहकाऱ्यांनी सोडविलेल्या मुलींची संख्या दोन ते तीन हजार सांगितली जाते. पोलिसांना घेऊन ती छपरांवरून जाई, कुऱ्हाडीने दारे फोडी. आश्रयगृहातील मुली तिला 'लो मो', म्हणजे आई, म्हणत.

ह्या कथेचे दोन भाग विशेष बोधप्रद आहेत. मुलगी पळून गेली की तिचे मालक न्यायालयात जाऊन तिच्यावर दागिन्यांच्या चोरीचा आळ घेत. म्हणजे पोलीसच तिला शोधून परत आणून देत. दिल्लीतील घरकामगार स्त्रीला हा आळ अपरिचित नाही. पगार मागितला, काम सोडते म्हटले, की अंगठी हरवते. शंभर वर्षे उलटली, समुद्र ओलांडला, तरी मालकाच्या भात्यातला बाण तोच आहे.

दुसरा भाग असा की, ह्या व्यापाराला जन्म देण्यात खुद्द कायद्याचा हात होता. १८७५च्या व १८८२च्या कायद्यांनी अमेरिकेने चिनी स्त्रियांना आणि चिनी मजुरांना आपली दारे जवळजवळ बंद केली. पुरुष मजूर आधीच येऊन राहिलेले, त्यांना कुटुंब आणण्याची मुभा नाही. म्हणून खोट्या कागदांवर मुली आणून विकण्याचा धंदा फोफावला. कॅमेरॉन एक दार फोडीत होती, तेव्हा बंदरावर नवी मुलगी उतरत होती. तिने सोडविलेल्या मुलींना ममता मिळाली, अक्षरओळख मिळाली; त्याचबरोबर कडक शिस्त, धर्मोपदेश आणि ख्रिस्ती विवाहाची अपेक्षाही मिळाली. जे श्रम त्यांच्याकडून लुटले गेले, त्यांच्या मजुरीचा प्रश्न तेथे कोणी उपस्थित केला नाही.

तरी ह्या घरातून एक वेगळे उदाहरणही पुढे आले. तियेन फू वू ही लहानपणी विकली गेलेली आणि १८९०च्या दशकात सोडविलेली मुलगी मोठी होऊन कॅमेरॉनची दुभाषी व सहकारी झाली. दार फोडल्यावर आतल्या घाबरलेल्या मुलीशी तिच्या भाषेत बोलणारी व्यक्ती तीच असे. कुऱ्हाडीइतकेच त्या बोलण्याचे महत्त्व होते. जी स्वतः त्या खोलीत राहिली आहे, तिचा शब्द त्या मुलीला खरा वाटे.

धर्मभगिनी जीन डेव्होस

आता आपल्या देशाकडे वळू. १९६३ साली जीन डेव्होस ही बेल्जियन धर्मभगिनी भारतात आली. तिचा संघ, म्हणजे 'निष्कलंक हृदय मरिया'च्या मिशनरी भगिनींचा संघ, १८९७ साली तामिळनाडूतील मुलगुमूडू येथे स्थापन झाला होता. लीव्हन्सप्रमाणे तीही बेल्जियमचीच. १९८५ साली तिने मुंबईत घरकामगार स्त्रियांचे संघटन आरंभले. त्यातूनच 'राष्ट्रीय घरकामगार चळवळ' उभी राहिली आणि झारखंड व दिल्लीसह अनेक राज्यांत पसरली.

तिच्या कार्याचे वैशिष्ट्य शब्दापासून सुरू होते. त्या काळी ह्या स्त्रीला मराठीत 'मोलकरीण', हिंदीत 'नौकरानी', इंग्रजीत 'सर्व्हंट' म्हणत. चळवळीने आग्रह धरला तो 'कामगार' ह्या शब्दाचा. यात केवळ सभ्यता नव्हती. नोकर म्हटले की कृपा येते, आणि कृपेचा हिशेब मागता येत नाही. कामगार म्हटले की तास येतात, मजुरी येते, सुट्टी येते. ह्या चळवळीत कोंडलेल्या मुलींची सुटका झाली, पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजविल्या गेल्या, मुलींसाठी आश्रयही उभा राहिला. पण चळवळीचा भर वस्तीवस्तीतून गट बांधण्यावर आणि त्या गटांतून कार्यकर्त्या तयार करण्यावर राहिला. सदस्यत्वासाठी धर्माची अट नव्हती. मिशनरी म्हणताच धर्मांतराची शंका घेणाऱ्यांनी हे नमूद करून ठेवावे.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना येथे पुण्याची आठवण होईल. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी कामे बंद केली, मोर्चे काढले आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्या लढ्यामागे कोणतेही मिशन नव्हते. तो त्यांच्या स्वतःच्या वस्तीतून उठला. यात एक साधे कारण दडलेले आहे. पुण्याची ती स्त्री चार घरची कामे करून संध्याकाळी आपल्या वस्तीत परतत होती. नळावर, रेशनच्या रांगेत तिला तिच्यासारख्या दहाजणी भेटत. एकीने 'मला इतके मिळतात' म्हटले की दुसरीला आपली लूट कळे. दिल्लीतील चोवीस तासांच्या कामाला जुंपलेल्या मुलीला नळ घरातच आहे. तिला दुसरी कोणी भेटत नाही. संघटना बांधावयाची तर प्रथम एकमेकींना भेटावे लागते, आणि नेमकी ती भेट तिच्यापासून हिरावून घेतलेली असते.

ह्या ठिकाणी चर्चचा एक अनपेक्षित उपयोग झाला. छोटा नागपूरच्या पुष्कळ मुली ख्रिस्ती आहेत. रविवारी उपासनेला जाण्याची त्यांची मागणी सहजासहजी अव्हेरता येत नव्हती. देवाच्या नावाने मागितलेली सुट्टी नाकारणे मालकिणीलाही जड जाते. दिल्लीतील चर्चच्या आवारात रविवारी आदिवासी मुली जमत, आपल्या भाषेत बोलत, गावची बातमी घेत, आणि कोणाचा पगार किती महिन्यांचा थकला आहे हेही तेथेच कळे. जी रविवारी आली नाही, तिची चौकशी सुरू होई. साप्ताहिक सुट्टी ही केवळ विश्रांती नसते. ती कोंडलेल्या माणसाची हजेरी असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी संमत केलेल्या १८९व्या करारात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, पगार थेट कामगाराच्या हाती, ओळखीची कागदपत्रे कामगाराच्याच ताब्यात, आणि एजन्सीची दलाली कामगाराच्या पगारातून न कापणे, ह्या अटी घातल्या गेल्या. वरवर किरकोळ वाटणाऱ्या ह्या चार गोष्टी वेठीच्या नेमक्या चार गाठी सोडवितात. भारत सरकारने ह्या कराराच्या बाजूने मत दिले. त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेण्याचे पाऊल मात्र उचलले नाही.

न्यायालयाने काय म्हटले

कायदा ह्या स्त्रीच्या बाजूने काहीच बोलत नाही असे नाही. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणी न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावयास लावणे हे राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदानुसार वेठबिगारच होय. कारण सक्ती लाठीचीच असते असे नाही, भुकेचीही असते. डिसेंबर १९८३ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चाने आणलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. सक्तीचे श्रम सिद्ध झाले, की ते आगाऊ रकमेपोटी घेतले जात आहेत असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करणे मालकाचे काम, असे ते म्हणाले.

तिसरा निर्णय १९८४चा. फरिदाबादच्या खाणींतून मुक्त झालेले मजूर आपल्या गावी परतले होते; पण महिने लोटले तरी त्यांचे पुनर्वसन झाले नव्हते. न्यायालयाने बजावले की, पुनर्वसनाविना सुटका व्यर्थ आहे; उपाशी माणूस पुन्हा त्याच दास्यात जाईल.

घरकामगार स्त्रियांचे नाव सर्वोच्च न्यायालयात ठळकपणे उच्चारले गेले ते एका भीषण प्रसंगाने. फेब्रुवारी १९९३ मध्ये रांचीहून दिल्लीस येणाऱ्या मुरी एक्सप्रेसमध्ये आदिवासी घरकामगार स्त्रियांवर लष्करी जवानांनी बलात्कार केला. दिल्लीतील घरकामगार स्त्रियांच्या एका मंचाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. ऑक्टोबर १९९४ मधील निर्णयात न्यायालयाने सांगितले की, अत्याचारित स्त्रीला पोलीस ठाण्यातच वकील मिळावा, तिचे नाव गुप्त राहावे, तिला नुकसानभरपाई मिळण्याची व्यवस्था व्हावी. आज देशातील कोणत्याही स्त्रीला ह्या तत्त्वांचा जो आधार मिळतो, त्यामागे दिल्लीत भांडी घासणाऱ्या त्या स्त्रियांचे धैर्य आहे.

२४ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात प्लेसमेंट एजन्सींच्या नोंदणीचे आदेश दिले. २०१४ साली दिल्ली सरकारने एजन्सींच्या नियमनाचा आदेश काढला. महाराष्ट्राने २००८च्या अधिनियमान्वये घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद केली होती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा केंद्र सरकारला सांगितले की, संबंधित मंत्रालयांनी समिती नेमून घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करावा. राज्यघटना अंमलात आल्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती, आणि विचार करा असे न्यायालयाला सांगावे लागत होते.

एवढे निर्णय असूनही वेठ टिकते ती का? घर ही खाजगी जागा मानली जाते; कारखान्याच्या फाटकातून श्रमनिरीक्षक आत जाऊ शकतो, घराच्या उंबरठ्यावर तो थांबतो. दुसरे कारण राजधानीच्या रचनेतच आहे. एजन्सी दिल्लीत, घर हरियाणातील गुरुग्रामला किंवा उत्तर प्रदेशातील नोएडाला, आणि मुलीचे गाव झारखंडमध्ये. दलालाला ह्या सीमा आडव्या येत नाहीत. फाइलीला मात्र येतात. प्रत्येक ठिकाणचा अधिकारी दुसऱ्या ठिकाणाकडे बोट दाखवितो, आणि मुलगी आश्रयगृहात वाट पाहते.

सुटका कोठे संपते

सोडविलेल्या मुलीचे पुढे काय होते, हा ह्या विषयाचा गाभा आहे. छापा पडतो, वर्तमानपत्रात बातमी येते. मुलगी काही आठवडे आश्रयगृहात काढते, मग तिला रेल्वेत बसवून गावी पाठवितात. तिच्या हाती दोनतीन वर्षांच्या श्रमांचे पैसे नसतात. मालक म्हणतो, पगार एजन्सीला दिला. एजन्सीच्या खोलीला कुलूप असते आणि त्याच गल्लीत दुसऱ्या नावाची पाटी लागलेली असते. घरी पोहोचल्यावर आई काही विचारीत नाही. पण छप्पर गळत असते आणि धाकटा भाऊ शाळेतून निघालेला असतो. शेजारणी कुजबुजतात. सहा महिन्यांनी तीच ओळखीची बाई पुन्हा दारात उभी राहते, आणि ह्या वेळी मुलगी स्वतःहून निघते. नोंदवहीत तिची 'सुटका' कायम राहते.

वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६चा आहे. त्याखाली मुक्त झालेल्या व्यक्तीला जिल्हा प्रशासनाने मुक्ती प्रमाणपत्र द्यावयाचे असते. २०१६ साली सुधारलेल्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या स्त्रीसाठी २ लाख रुपयांच्या आणि अत्यंत हीन शोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद झाली. परंतु तत्काळ मिळणारा थोडा भाग वगळता उरलेली रक्कम मालकावरील गुन्हा शाबीत होण्याशी जोडली गेली. ज्या देशात खटले वर्षानुवर्षे चालतात, तेथे ही अट म्हणजे गळणाऱ्या छपराला पुढच्या दशकात कौले देण्यासारखे आहे. आणि घरकामगार मुलीला हे प्रमाणपत्रच दुर्लभ असते. वीटभट्टीवरील मजूर वेठबिगार म्हणून अधिकाऱ्याला चटकन दिसतो. सदनिकेतील मुलीने मालकिणीचे जुने का होईना, स्वच्छ कपडे घातलेले असतात. तिच्याकडे पाहून अधिकारी म्हणतो, 'ही तर घरच्यासारखी राहत होती.'

'घरच्यासारखी' ह्या शब्दाइतका महाग शब्द ह्या व्यवहारात दुसरा नाही. घरच्या माणसाला मजुरी नसते, म्हणून तिलाही नसते. घरच्या माणसाला बाहेर जाण्याची मुभा असते, ती मात्र तिला नसते. डेव्होसने 'कामगार' शब्दाचा हट्ट धरला तो ह्या शब्दाविरुद्ध.

म्हणून मिशनऱ्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन्ही टोके टाळावीत. परदेशी धर्मसंस्थेचा डाव म्हणून ते झटकून टाकणाऱ्यांनी सांगावे, की ती मुलगी कोंडलेली असताना शेजारच्या सदनिकेतले स्वधर्मीय काय करीत होते. आणि दयाळू हातांनी दार उघडले की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचे बंदर आठवावे. लीव्हन्स कायद्याची पुस्तके घेऊन बसला, तियेन फू वू आपल्या भाषेत बोलली, डेव्होसने स्त्रियांचे गट बांधले. ह्या प्रत्येकाचे काम सुटकेच्या पुढे गेले, म्हणून ते टिकले.

करावयाच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. सुटका होते त्याच दिवशी मुलीचा जबाब तिच्या भाषेतल्या दुभाष्यासमोर घेतला जावा, आणि त्यात किती महिने काम केले व किती पैसे मिळाले हे दोन आकडे प्रथम लिहिले जावेत. थकलेल्या मजुरीची जबाबदारी मालक आणि एजन्सी दोघांवर असावी. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले तरी ज्याच्या घरी श्रम झाले त्याने मजुरी भरावी. मजुरी बँकेच्या खात्यात, त्या स्त्रीच्याच नावावर जावी. आठवड्याची सुट्टी घराबाहेर घालविण्याचा तिचा हक्क कायद्यात लिहिला जावा. सदनिकांच्या वसाहती वाहनांची नोंद ठेवतात, कुत्र्यांची ठेवतात. तेथे राहून काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे नाव, वय व गाव ह्यांची नोंद श्रमखात्याकडे का असू नये?

आणि दिल्ली परिसरातील सुशिक्षित मराठी कुटुंबांनाही एक विनंती करणे अनुचित ठरू नये. आपल्या मजल्यावर, आपल्या जिन्यात, एखाद्या घरी चोवीस तास राहणारी मुलगी असेल, तर तिचे नाव आपल्याला ठाऊक असावे. रविवारी ती बाहेर दिसते की नाही, इकडे लक्ष असावे. आणि आपल्याच घरी कोणी राबत असेल, तर तिची मजुरी कोणाच्या हाती पडते, याचा हिशेब आजच पाहावा.